वळवलेली मान

समोरून

"ह्यांचं तोंड हिकडं कसं?"

मी शिडीवर होतो. खाली अंजिरा शेवाळे उभी होती, पदर डोक्यावरून घेतलेला, नजर चित्रावर. निढळवाडीच्या नव्या स्मारक हॉलचा चुना अजून ओला होता आणि दसऱ्याला पाच दिवस राहिले होते.

"कुणाचं?" मी विचारलं. कुणाचं ते मला माहीत होतं.

"आमच्या ह्यांचं. समद्यांची तोंडं धुराकडं. ह्यांचंच तेवढं आमच्याकडं."

चित्र चौकटीवर ताणलेल्या कापडावरचं, चौदा फूट लांब, आठ फूट उंच. डावीकडून सात जवान टेकडी चढताहेत. उजवीकडे माथा, माथ्यावर धूर, धुरात मशीनगनची नळी. सहा जण धुराकडे धावताहेत. सातवा, लान्सनायक सर्जेराव शेवाळे, सगळ्यांच्या पुढे, चित्राच्या उजव्या कडेपासून हातभर अंतरावर. कमरेपासून खाली तो एका दगडाआड आहे. त्याची छाती आणि मान मागे वळलेली आहे. तोंड उघडं आहे. एक हात वर आहे.

"आणि तीळ उजव्या गालावर हुता," अंजिरा म्हणाली. "तुमी डाव्या गालावर काढलाय."

मी खाली उतरून तिच्या शेजारी उभा राहिलो. ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. तिच्या डोळ्यात पाणी वगैरे नव्हतं. बाजारात माप कमी भरलंय हे दाखवून द्यावं तशी ती बोलत होती.

"तीळ चुकला," मी म्हणालो. शिडीवर चढलो, डाव्या गालावरचा तीळ कातडीच्या रंगानं बुजवला, आणि उजव्या गालाची जी बारीक पट्टी नाकापलीकडे दिसत होती तिच्यावर नवा टेकवला. दोन मिनिटं लागली.

"झालं?"

"तीळ झाला," ती म्हणाली. "आता माणूस वळवा."

मी हसलो. ती हसली नाही.

"अंजिराबाई, ते पळत नाहीत. मागच्यांना बोलावताहेत. चला, या, असं. जो सगळ्यांच्या पुढे असतो तोच मागे वळून बोलावतो ना?"

तिनं दगडाकडे बोट केलं.

"ह्ये तुमाला ठावं, आता मलाबी ठावं. बघणाऱ्याला कसं कळावं? पाय दिसलं असतं तर कळलं असतं. तेबी तुमी दगडाआड घातलं."

"मी सांगेन. दसऱ्याला कापड ओढलं की माइकवरून सगळ्या गावाला सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

"आमच्या गावात माइकवर बोललेलं खरं धरत्यात," ती म्हणाली. "सांगा म्हंजी झालं."

ती गेली. मी पुन्हा शिडीवर चढलो. दगडाला सावली द्यायची राहिली होती.

उलटून

मी कराडचा पोतदार पेंटर. तोवर शाळांच्या भिंतींवर आणि देवळांच्या मंडपांत लढाया रंगवत आलो होतो. खिंडी, बुरूज, हत्ती, घोडे. घोडा मला डोळे मिटून काढता येई. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचं एक बरं असतं, त्यांचे तीळ तपासायला कोणी येत नाही.

निढळवाडीचं काम वेगळं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या लढाईत गावचे सात जण एका टेकडीवर गेले. टेकडीला नाव नव्हतं, नकाशावर नुसता उंचीचा आकडा. त्या तुकडीतले दोघे वाचले, ते दोघेही परमुलखातले. म्हणजे गावापैकी कोणीच ती टेकडी पाहिली नव्हती. गाव जे काही पाहणार होतं ते माझ्या कापडावर.

स्मारक समितीचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार बाबर. रोज सकाळी ते येत आणि काठीनं चित्र तपासत.

"पेंटर, बक्कल कडेला नसतंय. मधोमध म्हंजी मधोमध."

"हो साहेब."

"आन् ह्या जवानाची दाढी वाढलीया. माझ्या पलटणीत असता तर दाणापाणी बंद केलं असतं."

"साहेब, लढाई चालू आहे."

"मग काय झालं? लढाईला जायचं तर दाढी करून जावं."

शरीरांसाठी गावातली तरणी मंडळी शाळेमागच्या उतारावर काठ्या घेऊन धावत, मी रेखाटनं करी. शत्रू व्हायला मात्र कोणी तयार होईना. एका न्हाव्याला मी विचारलं तर तो म्हणाला, "पेंटर, उद्या ह्या समद्यांच्या दाढ्या मलाच करायच्यात." म्हणून शत्रू मी धुरात ठेवला. चेहऱ्यांसाठी घराघरांतून फोटो आले. बहुतेक मिशा फुटायच्या आधीचे, लग्नातले, गोंधळलेले. एकच फोटो जिवंत होता. सर्जेरावचा. जत्रेत काढलेला, मान किंचित उजवीकडे, तोंड उघडं, कुणाला तरी हाक मारता मारता टिपलेला.

"मलाच हाक मारत हुतं," अंजिरा म्हणाली होती. "मी पाळण्यात बसत नव्हते म्हणून."

फोटोबरोबर तिनं एक पत्र आणलं होतं, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं. सर्जेरावच्या पलटणीतल्या साहेबांचं. तिला वाचता येत नव्हतं, पण सुभेदारांनी वाचून दाखवलेलं ते तिनं मला पाठ म्हणून दाखवलं. आपले पती सर्वांच्या दहा पावलं पुढे होते. गोळी लागली तेव्हाही पुढेच होते.

हे दहा पावलांचं गावाला एवढं का होतं, तेही सांगायला हवं. निढळवाडीत दसऱ्याला सोनं आधी मेलेल्यांना, मग जित्यांना. वेशीवरच्या वीरगळापुढे आपट्याचं पान ठेवल्याशिवाय गावात कोणी कोणाला पान देत नसे. त्या वर्षापासून वीरगळाच्या जागी चित्र असणार होतं. सात जणांच्या घरच्यांनी आपापल्या माणसाच्या पायाशी, चौकटीच्या खालच्या लाकडावर पान ठेवायचं. पहिलं पान ठेवायचा मान सुभेदारांनी अंजिराला दिला होता. दहा पावलं पुढे होता त्याच्या बायकोला.

तर मग मान वळली कशी?

पुष्कळ वर्षं मी असं सांगत आलो, की खाका उलटा पडला. चेहरा आणि छाती आधी कागदावर काढायची, रेषेवर सुईनं भोकं पाडायची, कागद कापडावर धरून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. कागद उचलला की कापडावर ठिपक्यांचा माणूस. भोकं आरपार असतात. कागद कोणत्याही बाजूनं लावा, माणूस उमटतोच, फक्त तोंड फिरतं. घाई होती, मजूर कागद धरून होता, त्यानं पालथा दिला, मी आपटला. चूक झाली. तीळ डाव्या गालावर गेला त्याचं कारण तेच.

मजूर नव्हता. कागद मीच धरला होता.

पहिल्यांदा मी तो सुलट लावला. सात जण उजवीकडे धावणारे. खाली जाऊन पाहिलं तर चित्र उजवीकडून सांडत होतं. नजर डावीकडून शिरायची आणि सातही जणांबरोबर थेट चौकटीबाहेर. आमचे मास्तर सांगायचे, गर्दीत एक मान मागे वळव, नाहीतर चित्र पळून जातं. मी सगळ्यात जिवंत चेहऱ्याचा कागद उचलला आणि उलटा लावला. खाली उतरलो. पाहिलं.

नजर सहा जणांबरोबर धावत जायची, त्या चेहऱ्यावर आपटायची आणि परत फिरायची. सबंध टेकडी त्या एका मानेभोवती फिरत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी चांगलं काढलं होतं. छाती मागे वळलेली आणि पाय पुढे, हे नीट बसेना, म्हणून मी पुढे दगड घातला.

अंजिरा आली तेव्हा दसऱ्याला पाच दिवस होते. त्याला पुन्हा वळवायचं काम दोन दिवसांचं होतं.

पुन्हा समोरून

दसऱ्याला पुण्याहून पाहुणे आणले होते. एका चित्रशाळेतले निवृत्त सर, करंदीकर. पांढरे केस, खादीचा सदरा, हातात चष्मा. सुभेदारांना खरं म्हणजे एखादा मोठा फौजी अधिकारी हवा होता, पण तो मिळाला नाही.

हॉल भरला होता. सात घरची माणसं पुढच्या सतरंजीवर. अंजिरा पहिली, नेसूचं पांढरं धुवट लुगडं, हातात एकच आपट्याचं पान. शेजारी तिची सासू. माइक शिट्टी मारत होता, माइकवाला त्याला थापट्या देत होता.

कापड ओढलं. टाळ्या झाल्या. माणसं आपापला माणूस शोधू लागली. हा आमचा ज्ञानू, ही बघ मिशी, नाक बघ बापावर. कोणी रडलं, कोणी हसलं. एका म्हातारीनं कडाकडा बोटं मोडली.

मग मागून एक आवाज आला. "ह्यो कुठं निघाला माघारी?"

दुसरा म्हणाला, "जेवाय."

पाचसहा जण हसले. सुभेदारांनी मागे वळून पाहिलं तसं हसू थांबलं.

अंजिरानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सांगतो, थांब. तिनंही मान हलवली आणि पुन्हा पुढे पाहू लागली. ती निश्चिंत झाल्याचं मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

करंदीकर सर उठले. चित्राजवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. चष्मा लावला, काढला. मग माइकपाशी आले.

"मी पन्नास वर्षं युद्धचित्रं पाहतोय," ते म्हणाले. "त्यात सगळे शूर असतात. घोडेसुद्धा शूर असतात. इथे, या लहानशा गावात, मी पहिल्यांदा एक भ्यालेला माणूस पाहिला. मृत्यू समोर दिसल्यावर जो मागे वळतो, तो. त्याला आपण दोष देऊ नये. तो आपल्यासारखाच आहे. आणि तो रंगवायला या चित्रकारानं जे धाडस केलं, ते त्या टेकडीवर चढण्याइतकंच मोठं आहे. पोतदार, तुम्ही मोठे कलावंत आहात."

कलावंत. माझ्या दुकानाच्या पाटीवर 'येथे बोर्ड, बॅनर, नंबर प्लेट रंगवून मिळेल' असं होतं. मला पेंटर म्हणत, ए पेंटर म्हणत. कलावंत कोणी म्हटलं नव्हतं, घरीसुद्धा.

त्यांनी माइक माझ्या हातात दिला. "सांगा, हे तुम्हाला सुचलं कसं?"

मी माइक घेतला आणि म्हणालो, "सर, तुमचा गैरसमज झालाय. तो भ्यालेला नाही. तो बोलावतोय."

नाही. हे मी नंतर म्हणालो. आंघोळीच्या वेळी म्हणालो, रंग कालवताना म्हणालो, एसटीत खिडकीकडे तोंड करून म्हणालो. हजारदा म्हणालो असेन, आणि दर वेळी निढळवाडीचा हॉल टाळ्यांनी दुमदुमला.

त्या दिवशी जे म्हणालो ते हे:

"सर, आपण पहिले आहात, ज्यांनी ते ओळखलं."

माइक आता शिट्टी मारत नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

करंदीकरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागून दोनचार जणांनी वाजवल्या, पाहुणा वाजवतोय म्हणून. सुभेदारांनी काठी जमिनीवर टेकली आणि ते तिच्या टोकाकडे पाहत राहिले.

"मान अंजिराबाईचा," कोणीतरी पुटपुटलं. ती उठली नाही. सासूनं तिच्या हाताला हात लावला तरी उठली नाही. शेवटी ज्ञानूची आई उठली आणि तिनं पहिलं पान ठेवलं. मग बाकीची. चौकटीच्या खालच्या लाकडावर सहा पानं झाली, सर्जेरावच्या खालची जागा रिकामी.

गर्दी पांगू लागली तेव्हा अंजिरा उठली. चित्राच्या उजव्या कडेला गेली, जिथं तो होता. माझ्याकडे तिची पाठ होती. परत फिरली तेव्हा हात रिकामा होता. पान कुठं टाकलं ते मला दिसलं नाही. लाकडावर तर नव्हतं.

माझ्याजवळून जाताना ती थांबली. मला वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं.

"तीळ चांगला केलासा," ती म्हणाली. आणि गेली.

सुभेदार मला एसटीपर्यंत सोडायला आले. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "पेंटर, बक्कल सांगितलं, तुमी सुधारलं. दाढी सांगितली, सुधारली. ह्येबी मी सांगाया पायजे हुतं का?"

"साहेब, तुम्ही का नाही बोललात तिथं? पत्र तुम्हीच वाचलंय."

"मी काय बोलू? काढणाराच म्हणतोय भ्याला. मी काय त्या टेकडीवर हुतो?"

गाडी आली. त्यांनी सलाम केला नाही. येताना रोज करत, थट्टेनं का होईना.

करंदीकर सरांनी त्या चेहऱ्याचा फोटो एका मासिकात छापून आणला. फक्त चेहरा, पानभर. खाली लिहिलं होतं, भीती. चित्रकार पोतदार. त्यावर मला पुण्यात काम मिळालं, मग मुंबईत. दोन प्रदर्शनं झाली. दुकानाची पाटी मी उतरवली. ते पान माझ्या बैठकीच्या खोलीत काचेत लावलेलं आहे, आणि विचारणाऱ्याला मी सांगतो, खाका उलटा पडला, योगायोग. लोक म्हणतात, किती नम्र माणूस.

मागून

चौतीस वर्षांनी निढळवाडीहून फोन आला. सरपंच बाई बोलत होत्या, तरुण आवाज. चित्राचा रंग उडालाय, तुमच्याच हातानं ताजा करून हवाय. मी म्हणालो, हात कापतो हो आता. त्या म्हणाल्या, या तर खरं, गाडी पाठवते.

मी हो म्हणालो. का, ते गाडीत बसल्यावर कळलं. त्याला वळवायचा होता. हात कापला तरी चालेल, चेहरा बिघडला तरी चालेल, वळलेला नसला म्हणजे झालं. आणि कोणी विचारलं, तर या वेळी सांगायचं.

सरपंच बाई हॉलच्या दारात उभ्या होत्या. पंचविशी-तिशीच्या, ओढणी खांद्यावर, मोबाइल हातात. सुभेदार कधीच गेले होते.

"शेवाळ्यांच्या घरचं कोणी आहे का?" मी विचारलं.

"अंजिरा आजी? त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्यात पाठीमागं कोणी नाही. तुमची ओळख होती का?"

"थोडी."

"हॉल त्याच झाडायच्या. दर दसऱ्याच्या आधी चित्राची कड भिंतीपासून जरा ओढून मागची धूळ पुसायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. पण सोनं ठेवायला कधी पुढं आल्या नाहीत बघा. मी लहान असल्यापासून बघतेय, लाकडावर सहाच पानं." त्या चित्राकडे वळल्या. "हा तर तुमचा फेमस माणूस. आमच्याकडं कबड्डीत कोणी न शिवता माघारी आला ना, की पोरं ओरडतात, सर्जा झाला, सर्जा झाला. कोण सर्जा ते पोरांना माहीतसुद्धा नाही."

त्या सहज सांगत होत्या. मला बरं वाटावं म्हणून, असं मला वाटतं.

चार जणांनी चित्र उतरवलं आणि भिंतीला टेकवायला म्हणून फिरवलं. पाठ माझ्याकडे आली.

मांजरपाटाचं कापड होतं, मी त्या वेळी रंगाखालचं अस्तर पातळ दिलं होतं. इतक्या वर्षांत तेल मुरून रंगाचे डाग मागे उतरले होते. धुराचा डाग, टेकडीचा डाग, धावणाऱ्यांचे तपकिरी डाग. आणि कडेला तो. मागून पाहिलं की उलटं दिसतं. इथून त्याची मान उजवीकडे होती. तोंड उघडं होतं. डागाला नाकडोळे नसतात, पण जत्रेतला तो फोटो मी विसरलेलो नव्हतो.

त्या डागाच्या उंचीवर, कापड आणि चौकटीची पट्टी यांच्या फटीत, पाला होता. आपट्याची पानं. वाळून चुरा झालेली, काही तांबूस, वरची दोनचार अजून घडी राखून असलेली, प्रत्येक वर्षाचं एक, एकावर एक सरकवलेलं. मी मोजली नाहीत.

"हे काय हो?" सरपंच बाईंनी वाकून पाहिलं. "कसला पाला म्हणायचा हा?"

चार माणसं चित्र धरून उभी होती. दारात आणखी पाचसहा जण जमले होते, पेंटर आलाय म्हणून. सगळे माझ्याकडे पाहत होते. माइक नव्हता, पण हॉल लहान आहे, शेवटपर्यंत ऐकू गेलं असतं.

"उंदरांनी साठवला असेल," मी म्हणालो.

त्यांनी केरसुणी मागवली.